तुरुंगांतील सोबती

तुरुंगावरच्या कथा आपण बहुधा सुटकेसाठीं वाचतों. भिंत कशी पोखरली, पहारेकऱ्याला कसें चकविलें, यांत जीव गुंतून राहतो. परंतु श्रोतेहो, या कथांत आणखी एक गोष्ट असते आणि तिच्याकडे आपलें लक्ष उशिरां जातें. दोन पुरुष एका कोठडींत अथवा बराकींत वर्षानुवर्षें कोंडलेले असतात. एक जाणता, दुसरा नेणता. जाणता नेणत्याला कांहीं शिकवूं लागतो. आणि मग त्या दोघांत जो जिव्हाळा उत्पन्न होतो, तें वात्सल्य, कीं सख्य, कीं ज्याचा उच्चार घरांत सहसा होत नाहीं असें कांहीं, हें त्या दोघांनाही सांगतां येत नाहीं. लेखकालाही पुष्कळदां येत नाहीं.

आपल्याकडील तुरुंगाच्या आठवणींत ही अडचण फारशी जाणवत नाहीं. १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर प्रवचनें केलीं आणि साने गुरुजींनीं तीं लिहून घेतलीं. त्या संबंधाला गुरुशिष्य हें नांव बाहेरूनच बरोबर आलेलें होतें. चोर, खुनी, लुटारू यांच्या बराकींत असें आयतें नांव मिळत नाहीं.

फ्रेंच कादंबरीकार ड्यूमा यानें तें मिळवून दिलें. त्याची ‘काउंट ऑफ माँटे ख्रिस्तो’ १८४४ ते १८४६ या काळांत क्रमशः प्रसिद्ध झाली. मार्सेय बंदराजवळील बेटावरच्या शातो दीफ या किल्ल्यांत दान्तेस नांवाचा निरपराध खलाशी उपास करून मरूं पाहत असतां त्याला भिंतीआड खणल्याचा आवाज येतो. म्हातारा पाद्री फारिया समुद्राकडे भुयार नेत असतो. हिशेब चुकतो आणि तो या तरुणाच्या कोठडीशीं येऊन थडकतो. पुढें तो त्याला गणित, इतिहास, भाषा शिकवितो.

हें फारिया नांव आपल्या गोव्याचें. आबे फारिया १७५६ सालीं कांदोळीस जन्मले, पॅरिसमध्यें संमोहनाच्या प्रयोगांनीं गाजले आणि १८१९ सालीं तेथेंच वारले. पणजीस त्यांचा पुतळा आहे. कादंबरींतला फारिया इटालियन आहे, संमोहनविद्येशीं त्याचा संबंध नाहीं. तरी नांव अगदींच व्यर्थ गेलें नाहीं, असें मला वाटतें. दान्तेसला कोणीं गोत्यांत आणलें, हें फारिया केवळ तर्कानें त्याला दाखवून देतो आणि लगेच त्याला पश्चात्ताप होतो. कारण शिष्याच्या मनांत पूर्वीं नव्हती ती सूडाची भावना आपण पेरली हें त्याला कळतें. एका मनाचा दुसऱ्यावर इतका अंमल चालतो. पुढें फारियाला अर्धांगाचा झटका येतो, तेव्हां दान्तेस शपथ घेतो कीं, तुम्ही जिवंत आहांत तोंवर मी येथून हलणार नाहीं. फारिया त्याला पुत्र म्हणतो आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. ड्यूमानें हा शब्द जरा घाईनेंच वापरला, असें माझें मत आहे. त्याला खजिन्याकडे जायची घाई होती.

दोस्तोएव्हस्कीला ती घाई नव्हती. तो स्वतः १८५० ते १८५४ अशीं चार वर्षें सैबेरियांत ओम्स्कच्या तुरुंगांत होता. ‘मृतांचें घर’ हें त्याचें पुस्तक त्याच अनुभवावरून लिहिलेलें आहे. त्यांतला निवेदक सरदार घराण्यांतला, पत्नीच्या खुनाबद्दल शिक्षा भोगणारा. त्याच्या शेजारच्या फळीवर अलेई नांवाचा दागेस्तानचा तरुण झोंपतो. वय फार तर बावीस. वडील भावांनीं ‘घोड्यावर बस’ म्हणून सांगितलें आणि हा कोठें, कशाला, हें न विचारतां दरोड्यावर गेला. तेवढाच त्याचा गुन्हा. निवेदक त्याचा चेहरा, डोळे, हसणें यांचें वर्णन करितो, त्याच्या लाजाळूपणाला कुमारिकेची उपमा देतो आणि सांगतो कीं, मन खिन्न असे तेव्हां नुसतें त्याच्याकडे पाहूनही मला बरें वाटे. आजचा एखादा वाचक येथें भुंवया उंचावील. जुन्या वळणाचा वाचक तें वाक्य दिसलेंच नाहीं असें दाखवून पुढें जाईल. मला दोघेही अन्याय करितात असें वाटतें.

कारण यापुढचें पान शिकविण्याचें आहे. तुरुंगांत ठेवण्यास परवानगी असलेलें एकच पुस्तक म्हणजे बायबल. ना पाटी, ना अक्षरलिपि. त्या बायबलांतील नव्या करारावर हा मुसलमान मुलगा कांहीं आठवड्यांत रशियन वाचूं लागतो. मग लिहूं लागतो, आणि त्यासाठीं कागद, लेखणी, शाई तो स्वतःच मिळवितो. ज्यानें जन्मभर शिकविलें आहे त्याला ठाऊक असतें कीं, इतक्या वेगानें शिकणारा मुलगा केवळ अक्षरांसाठीं शिकत नसतो. त्याला शेजारीं बसायचें असतें. शिकविणाऱ्यालाही बसायचें असतें; हें कबूल करणें मात्र जड जातें. सुटतेवेळीं अलेई निवेदकाला बराकीबाहेर नेतो, गळ्यांत पडून रडतो आणि सांगतो कीं, माझ्या आईबापांनींही केलें नसतें एवढें तुम्ही केलें, मला माणूस केलेंत. पुढें त्याचें काय झालें हें निवेदकाला कधीं कळत नाहीं.

याच पुस्तकांत पेत्रोव्ह आहे. हा सर्वांत भयंकर कैदी, असें निवेदकाला सांगण्यांत येतें. तो रोज येतो, नेपोलियनविषयीं चौकशी करितो, ऐकतो आणि निघून जातो. एकदां बायबल एका जागेवरून दुसरीकडे नेण्यास दिलें, तर तेवढ्या वाटेंत तें विकून तो दारू पितो. संध्याकाळीं आपण होऊन सांगतो, तेंही पश्चात्तापानें नव्हे, तर निवेदक शोधून दमला याची कींव येऊन. तोच पेत्रोव्ह स्नानगृहांत त्याच्या पायांतल्या बेड्यांतून कपडे काढण्यास मदत करितो आणि लहान मुलाचे पाय धुवावेत तसे त्याचे पाय धुतो. येथें पंडित कोण आणि बाळ कोण? पेत्रोव्हच्या मनांत याविषयीं शंका दिसत नाहीं. सिरोत्किन नांवाच्या देखण्या तरुणाविषयीं मात्र दोस्तोएव्हस्की एवढेंच लिहितो कीं, त्याला कांहीं धंदा येत नसे, तरी कधीं पैसे, कधीं कोणीं दिलेला तांबडा सदरा त्याच्याजवळ असे. तेथें तो थांबतो, आणि समजणारा समजतो.

जें तेथें सांगितलें नाहीं तें शंभराहून अधिक वर्षांनीं उघड सांगितलें गेलें. अर्जेंटिनाचा मानुएल पुइग याची १९७६ सालची कादंबरी इंग्रजींत ‘किस ऑफ द स्पायडर वूमन’ म्हणून ओळखली जाते. ब्वेनोस आयरिसच्या एका कोठडींत राजकीय कैदी व्हॅलेंतीन आणि दुकानांच्या खिडक्या सजविणारा मोलिना. मोलिना त्याला रोज पाहिलेल्या चित्रपटांच्या कथा सांगतो, त्याच्या आजारांत त्याची घाण स्वतः काढतो. आणि त्याच वेळीं तुरुंगाधिकाऱ्यांनीं त्याला गुपितें काढण्यासाठींच तेथें ठेवलेलें असतें. पुढें त्यांचा देहसंबंध येतो, तो लेखक लपवीत नाहीं. तरी संदिग्धता संपत नाहीं. निरोप घेतांना व्हॅलेंतीन त्याच्याकडून वचन घेतो कीं, यापुढें कोणालाही तुझा अवमान करूं देऊं नकोस. मोलिना त्याचा निरोप घेऊन बाहेर जातो आणि व्हॅलेंतीनच्याच साथीदारांच्या गोळ्यांनीं मरतो. तो त्यांच्याबरोबर पळून जाणार होता, कीं आपण मारले जाऊं हें समजून गेला होता, याविषयीं पोलिसांच्या अहवालांत दोन्ही तर्क लिहिलेले आहेत.