हे पित्त येतं कुठून?

(सोलापूरच्या पूर्व भागात विडी कामगार महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं मराठी कुणाला कळलं नाही तर शेजारणीनं तेलुगूत सांगावं, मी थांबेन.

आरोग्य शिबिरात मी नावं लिहून घ्यायला बसते. काय होतंय असं विचारलं की आधी मान आणि पाठ, आणि त्यामागोमाग ‘पित्त’. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, रात्री ठसका लागून जाग. डॉक्टर म्हणतात, तिखट कमी करा, टेन्शन घेऊ नका. बाई मान डोलावते, गोळ्या घेते आणि पुढच्या शिबिरात पुन्हा तेच सांगते.

आधी आत काय होतं ते पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. घास खाली गेला की ते मिटतं. जठरातलं आम्ल जठराला सोसतं, कारण आतून त्याला अस्तर आहे. अन्ननलिकेला तसं अस्तर नाही. कडं सैल पडलं किंवा खालून पोटावर दाब आला की आम्ल वर चढतं, आणि जळतं.

आता आपला दिवस आठवा. पहाटे उठून मिश्री, मग चहा. पानं कापायची, मांडीवर सूप घेऊन वाकून वळत बसायचं. कारखान्यात विड्या भरून यायच्या. पहिला पोटभर घास दुपारी 2 वाजता, तोही घाईत, आणि लगेच पुन्हा सुपावर वाकायचं. भरलेलं पोट तासन्‌तास दाबलेलं राहतं. रात्री सगळ्यांची ताटं झाल्यावर उरलंसुरलं आपण जेवतो, भांडी घासतो आणि आडव्या होतो. चटणीला दोष देण्याआधी याचा हिशेब करा. तिखटानं काहींना त्रास होतो, काहींना अजिबात होत नाही. जिला होतो तिनं कमी करावं. सरसकट सगळ्यांनी शेंगाची चटणी सोडायचं कारण मला दिसत नाही.

मिश्रीबद्दल बोललं की तुम्ही हसता. पण तंबाखूतलं निकोटिन ते कडं ढिलं करतं आणि भूकही मारतं. भूक मरते म्हणून तर कित्येकजणी ती लावतात, हे मला ठाऊक आहे. एकदम सुटणार नाही, पण निदान दिवसातून चार वेळची दोनवर आणा.

उपाय फार खर्चाचे नाहीत. रात्रीचं जेवण आणि झोप यांत 3 तास ठेवा. त्यासाठी तुम्हाला घरात शेवटी जेवणं सोडावं लागेल, आणि हे पथ्य तुम्हाला एकटीला पाळता येणार नाही, नवऱ्याशी आणि सासूशी बोलावं लागेल. एकदाच गच्च जेवण्याऐवजी थोडं थोडं खा. कारखान्यात जाण्याआधी अर्धी भाकरी तरी खा. जेवल्यावर अर्धा तास वाकू नका, तेवढ्या वेळात उभ्यानं होणारी कामं करा. साडीची गाठ सैल बांधा. खाट असेल तर डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा. जमिनीवर झोपणारीनं सोलापुरी चादरी घड्या घालून कमरेपासून डोक्यापर्यंत उतार करावा. नुसती उशी उंच केली तर मान मोडते आणि पोट आणखी दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठर खालच्या अंगाला राहतं, आम्ल सहजी वर येत नाही. गार दुधानं घटकाभर बरं वाटतं, नंतर जळजळ परत येऊ शकते. खाण्याचा सोडा रोज घेऊ नका. रक्तदाब असेल तर मुळीच नको.

एका ओळखीच्या ताईंचं सांगते. पाठ दुखते म्हणून दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी त्या रोज अनशेपोटी घ्यायच्या, जळजळलं की वर सोडा. शौचाला काळं डांबरासारखं होऊ लागलं. लाजेनं त्यांनी आठ दिवस कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी विड्या देण्याच्या रांगेतच कोसळल्या. रक्त चढवावं लागलं. गोळ्यांनी जठरात जखम झाली होती. हा आजार जळजळीहून वेगळा, पण ताईंच्या लेखी दोन्ही ‘पित्त’च.

म्हणून काळी शौच, रक्ताची उलटी, घास अडकणं, विनाकारण वजन उतरणं यातलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आठवड्यातून दोन-तीनदा जळजळत असेल तरीही दाखवा, आणि कोणकोणत्या गोळ्या घेता ते त्यांना सांगा. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, दम लागला, जबडा किंवा हात दुखू लागला तर ते हृदयाचं असू शकतं. बायकांच्या बाबतीत तेही पित्त म्हणून अंगावर काढलं जातं. तेव्हा सूप बाजूला ठेवा, शेजारणीला हाक मारा, रिक्षा बोलवा आणि सरळ सिव्हिलला जा. त्या दिवशीच्या विड्या राहू द्या.