घोडशिरेचं दुखणं आणि बारा आठवडे

(ऊसतोडणीला जाणाऱ्या बायांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली चार पावलं लंगडत टाकावी लागतात, अशा किती जणी आहात? बघा, किती हात वर आले. आता आपापल्या टाचेला हात लावा. टाचेच्या खाली, तळव्यात दुखतं त्यांचं दुखणं निराळं, त्याबद्दल नंतर बोलू. टाचेच्या मागं, जरा वर, जाड दोरी हाताला लागते ना? ती घोडशीर. शीर म्हणतात, पण ती रक्तवाहिनी नव्हे. पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला बांधणारा तो दोर आहे. पाऊल उचलताना, चवड्यावर उभं राहताना सगळा भार त्याच्यावर येतो.

कळंब, वाशी, भूम, परंड्याच्या बायांना हा भार मी काय सांगावा? ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. फळीवर टाच टेकत नाही, चवड्यावरच चढावं लागतं. पायात झिजलेली सपाट चप्पल. दोर रोज थोडा विरतो आणि शरीर तो रोज थोडा सांधतं. सांधायला वेळच मिळाला नाही तर तो जाड होतो, चिमटीत धरला तरी कळ येते. वय, मधुमेह, पाळी जाणं यांचीही त्यात भर पडते.

दवाखान्यात गेलं की सांगतात, विश्रांती घ्या. कुठून घ्यायची? नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. बाईनं खाडा केला की हिशेबातून पैसे कापले जातात. आपल्या तुळजाभवानीला सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा असते. देवी दमते, हे आपल्याकडं मान्य आहे. तिच्या दर्शनाला अनवाणी चालत गेलेली बाई मात्र घरी आली की चुलीपुढं बसते आणि चार दिवसांत टोळीबरोबर गाडीत चढते.

पण बायांनो, नुसती विश्रांती हा या दुखण्याचा उपचारही नाही. पडून राहिलं की कळ थांबते, दोर दुबळाच राहतो. कामाला लागलं की पुन्हा तेच. तेल चोळल्यानं, शेकल्यानं बरं वाटतं, तेवढ्यापुरतं. आणि टाचेत स्टेरॉइडची सुई घेऊ नका. काही दिवस दुखायचं थांबतं, पण दोर तुटण्याचा धोका वाढतो.

मग करायचं काय? स्वीडनमध्ये हाकान आल्फ्रेडसन नावाचे हाडांचे डॉक्टर आहेत. त्यांची स्वतःचीच घोडशीर दुखत होती. त्यांनी शस्त्रक्रिया मागितली, वरिष्ठांनी नाही म्हटलं. तेव्हा दोर तुटू दे, मग तरी शस्त्रक्रिया करतील, अशा हिशेबानं त्यांनी दुखऱ्या पायावर मुद्दाम भार टाकायला सुरुवात केली. दोर तुटला नाही, दुखणं गेलं! मग १९९८ साली त्यांनी पंधरा जणांवर केलेला अभ्यास छापला. बारा आठवड्यांत पंधराही जण पुन्हा धावू लागले. पुढच्या अभ्यासांत सगळ्यांना इतका गुण आला नाही, पण पुष्कळांना आला. एक ध्यानात घ्या, त्या पंधरांत बाया तीनच, आणि सगळे हौसेनं पळणारे. डोक्यावर मोळी घेणारी त्यात कुणी नव्हती.

व्यायामाला पैसा लागत नाही. ओट्याची पायरी घ्या. (उंबरठ्यावर उभं राहू नये म्हणतात, सासूबाईंशी भांडण नको.) चवडे पायरीच्या कडेवर, टाचा अधांतरी, हात भिंतीला. दोन्ही पायांनी वर उठा. सगळा भार दुखऱ्या पायावर घ्या आणि टाच सावकाश पायरीच्या खाली जाऊ द्या. वर येताना चांगल्या पायानं या. असं पंधरा वेळा, तीनदा, गुडघा ताठ ठेवून. मग तेवढंच गुडघा किंचित वाकवून. सकाळी आणि संध्याकाळी. सोपं वाटायला लागलं की पिशवीत दोन किलो ज्वारी घालून पाठीला बांधा. ज्यांना अगदी टाचेच्या हाडापाशीच दुखतं त्यांनी जमिनीवरच करावं, टाच खाली सोडू नये.

करताना दुखेल. सोसवत नाही अशी कळ एक रुपया धरली, तर आठ आण्यांपर्यंत चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त ठणकलं तर भार कमी करा.

बारा आठवडे कुठून आणायचे? आषाढी एकादशीला सुरू करा, अधिक महिना मध्ये आला नाही तर दसऱ्याच्या सुमारास भरतात. टोळ्या त्यानंतरच निघतात. तेवढे दिवस चपलेत टाचेखाली कापडाची जाड घडी घाला, म्हणजे ताण कमी बसेल. आणि पाण्याची घागर घरातल्या दुसऱ्या कुणी आणावी. बाप्यांनाही घागर उचलता येते, मी पाहिलंय. मुकादमाशी बोलतानाही दर आणि उचल एवढ्यावर थांबू नका. आजारपणाचा खाडा कापायचा नाही, आणि ज्या बाईचा पाय दुखतो तिला फळीवर चढवायचं नाही, हेही उचल घेण्याआधीच ठरवून घ्या.

दोन धोके मात्र ओळखा. चालताना टाचेमागं कुणी काठी मारल्यासारखं झालं, खाडकन आवाज आला, मग त्या पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर दोर तुटला असं समजा. बाईला पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. दुसरा धोका गोळ्यांचा. जुलाब, लघवीची जळजळ यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन सर्रास देतात. तिनं घोडशीर दुखावते, क्वचित तुटतेही, म्हणून अमेरिकेत २००८ साली तिच्यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीच्या पुढं किंवा जोडीला स्टेरॉइड चालू असलं तर धोका जास्त. गोळी चालू असताना टाच दुखली तर डॉक्टरांना लगेच सांगा, दुसरी मागा.

आता बोलणं पुरे. दोघी-दोघी मिळून त्या पायरीपाशी या. आक्का, तुम्ही पुढं व्हा, भिंतीला हात धरा. टाच सावकाश सोडायची, घाई नाही.