माळ्यावरची गाण्याची खोली



कौलारू घराचा माळा म्हणजे लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, जुना पाळणा आणि गणपतीचें मखर ठेवण्याची जागा, असाच आपल्यापैकीं पुष्कळांचा समज असेल. परंतु एक संगणक व एक चांगला मायक्रोफोन एवढ्या सामग्रीवर घरच्या घरीं ध्वनिमुद्रण करतां येऊं लागल्यापासून तरुण मंडळींची दृष्टि या माळ्याकडे वळली आहे. माझ्या पुतण्याचीहि वळली. त्यानें तंबोरा, तबला नि यंत्रें वर नेलीं, भिंतींवर व वाशांच्या खालीं अंड्यांचे पुठ्ठे आणि फोमचे तुकडे चिकटविले, आणि "आतां आवाज बाहेर जाणार नाहीं," असें आम्हां सर्वांस बजावलें. त्याच रात्रीं खालच्या खोलींत आजारी पडलेल्या माझ्या मातोश्रींना डग्ग्याचा ठोका न् ठोका ऐकूं आला. त्यांनीं तक्रार केली नाहीं. सकाळीं नातवाला एवढेंच विचारलें, "काल त्रितालच होता ना रे?"

चूक कोठें झाली? खोलींतला घुमारा कमी करणें आणि खोलींतला आवाज बाहेर जाऊं न देणें, हीं दोन कामें अगदीं वेगळीं आहेत. १८९५ सालीं हार्वर्ड विद्यापीठांतील एका व्याख्यानगृहांत बोललेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण पदार्थवैज्ञानिकानें विद्यापीठाच्या नाट्यगृहांतील गाद्या रात्रीं तेथें आणून टाकल्या, आणि किती गाद्यांनीं घुमारा किती कमी होतो हें मोजलें. तेंच काम आपल्या गोधड्या, सतरंज्या व पुस्तकांचीं कपाटें करतात. परंतु मऊ वस्तु आवाज गिळते, अडवीत नाहीं. आणि गिळते तीहि बहुधा उंच स्वरच. काळी एकच्या षड्जाची आवर्तनें सेकंदास सुमारें १३९. म्हणजे त्याची लाट जवळजवळ अडीच मीटर लांब. दोन बोटें जाडीच्या फोमला ती काय दाद देणार! शिवाय साधा फोम भराभर पेटतो. २००३ सालीं अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड राज्यांत एका रात्रगृहांत रंगमंचावरील आतषबाजीनें भिंतींचा फोम पेटून १०० माणसें दगावलीं. तो फोम शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून आवाजासाठींच लावलेला होता.

आवाज अडवावयाचा तर तीन गोष्टी लागतात: वजन, बंदिस्तपणा आणि अलगपणा. पडद्याचें वजन दुप्पट केलें कीं, सिद्धान्ताप्रमाणें, सुमारें ६ डेसिबल अधिक आवाज अडतो. कौलें जड खरीं, पण त्यांच्या सांध्यांतून वारा येतो, आणि जेथून वारा येतो तेथून गाणें जातें. भिंतीच्या क्षेत्रफळाच्या केवळ शंभराव्या भागाएवढी फट राहिली, तर भिंत कितीहि भारी असो, २० डेसिबलपलीकडे अडवणूक होत नाहीं. म्हणून वाशांच्या खालीं जिप्समच्या तक्त्यांचे दोन थर, त्यांच्या मागें खनिज लोकर, सर्व सांधे बुजविलेले, दार भरीव लांकडाचें, चौकटीला व उंबरठ्याला रबराची पट्टी, अशी रचना करावी. कौलें व लोकर यांमध्यें हवा खेळती ठेवावी, नाहींतर पावसाळ्यांत ओल धरते. आंत माणसांनाहि हवा लागतेच. तिच्यासाठीं आंतून लोकर लावलेली, दोनतीन वळणें घेणारी नळी करावी.

तिसरी गोष्ट अलगपणाची. डग्ग्याचा ठोका हवेंतून खालीं गेला नव्हता. तो कडीपाटांतून गेला. त्यावर उपाय म्हणजे रबराच्या गाद्यांवर दुसरी जमीन तरती ठेवणें, आणि ती भिंतींना कोठेंहि टेकूं न देणें.

येथें माळ्याची खरी अडचण येते. जिप्समचा अर्धा इंच जाडीचा तक्ता चौरस मीटरला साधारण आठनऊ किलो भरतो. वीस चौरस मीटरांवर दोन थर म्हणजे साडेतीनशें किलोंच्या आसपास वजन, आणि तें जुन्या, कदाचित् वाळवीनें पोखरलेल्या लांकडावर. म्हणून पहिला खिळा ठोकण्यापूर्वीं स्थापत्य-अभियंत्यास माळा दाखवावा. आम्हीं दाखविला. त्यांनीं कड्या तपासून स्पष्ट सांगितलें, "एक थर चालेल, दोन नाहींत, आणि नवी जमीन तर नाहींच."

तेव्हां आम्हीं तडजोड केली. एक थर, दार व फटी एवढें काम माळ्यावर झालें. तबला तळमजल्यावरच्या फरशीवर उतरला. तेथें ठोका जमिनींतच जिरतो. उरला प्रश्न वेळेचा. २००० सालच्या केंद्रीय ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्र म्हणजे १० ते सकाळीं ६, आणि निवासी वस्तींत तेव्हांची मर्यादा ४५ डेसिबलची. आमच्या घरचा नियम याहून कडक आहे: आजींनीं दिवा मालविला कीं गाणें बंद. कारण कोणतीहि भिंत सगळा आवाज अडवीत नाहीं. तिच्यांतून जें उरतें तें शेजाऱ्याशीं बोलूनच मिटवावें लागतें.

मातोश्री आतां रात्रीं शांत निजतात. रविवारीं दुपारीं मात्र त्या जिन्याशीं खुर्ची मांडून वर हांक मारतात, "अरे, तें दार जरा उघडें ठेव."