इंजनाचे तेल आणि डोक्यावरचे ऊन : पाणी उपसण्याचा हिशेब



विष्णुपुरीच्या बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक आहे. गोदावरीचे पाणी आपल्या पायाने शेतात चढत नाही. शंकर सागर जलाशयातले पाणी मोठमोठ्या पंपांनी उचलावे लागते, तेव्हा कुठे ते कालव्याला लागते. आपल्या विहिरीचे आणि बोअरचेही तेच. पाणी वर आणायचे म्हणजे काहीतरी जाळावे लागते, असे आपण आजवर धरून चाललो. इंजनात डिझेल जळते, आणि मोटारीच्या विजेसाठी कुठेतरी दूर कोळसा जळतो.

या जाळण्याचा हिशेब आधी पाहू. पाच अश्वशक्तीचे इंजन पुऱ्या भाराने चालले तर तासाला साधारण एक लिटर डिझेल खाते. आठ तास दारे धरले की आठ लिटर गेले. लिटरला नव्वद रुपये धरा, म्हणजे एका दिवसाचे सातशे वीस. हळदीला किंवा केळीला अशा किती पाळ्या द्याव्या लागतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. शिवाय एक लिटर डिझेल जळाले की पावणेतीन किलोच्या आसपास कर्बवायू हवेत जातो. तो वायू पृथ्वीची ऊब धरून ठेवतो, आणि हवा तापते. एका अंशाने तापलेली हवा सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. म्हणून ऊन पडले की जमीन लवकर सुकते, आणि पाऊस आला की एकदम कोसळतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 2025 च्या पावसाळ्यात त्याच मराठवाड्यात नद्यांनी काठ सोडले आणि जमिनी खरवडून गेल्या. प्रत्येक दुष्काळ नि प्रत्येक पूर एवढ्यामुळेच आला असे नाही, पण हवा तापली की दोहोंचा जोर वाढतो.

आता कोणी म्हणेल, माझ्या एका इंजनाने काय जग तापले? खरे आहे. मोठ्या कारखानदार देशांनी दीडशे वर्षे जे जाळले त्यापुढे आपले इंजन म्हणजे चिलीम. पण खिशातले सातशे वीस तर आपलेच जातात ना?

कोळशाच्या विजेची आणखी एक गंमत आहे. तिलाही पाणी लागते. परळीच्या औष्णिक केंद्राचे सगळे संच 2015 मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. म्हणजे बघा, पाणी उपसायला वीज हवी, वीज करायला पाणी हवे, आणि दुष्काळात दोन्ही एकदम जातात. सौर पंपाचे तसे नाही. ज्या दिवशी ऊन कडक, त्याच दिवशी पिकाला तहान जास्त आणि पंपाला जोरही जास्त. पावसाळी ढगात तो कमी चालेल, पण तेव्हा पाण्याची निकडही कमी असते.

माझ्या मते सर्वांत मोठा फायदा पैशाचा नाहीच. रात्री दोन वाजता लाईट येते म्हणून अंधारात, गुडघाभर पिकात, सापाकिरड्याच्या भीतीने दारे धरायला जाणे थांबते. याची किंमत घरच्या माणसांना विचारा.

ज्यांच्याकडे पूर्वीची वीजजोडणी नाही, पण पाण्याची खात्रीची सोय आहे, त्यांच्यासाठी राज्य शासनाने 2024 मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना काढली. सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे. जमीन अडीच एकरापर्यंत असेल तर तीन, पाच एकरापर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप. सातबाऱ्यावर विहिरीची किंवा बोअरची नोंद आहे का ते आधी तपासा. पुष्कळांचे अर्ज तिथेच अडतात. जमीन सामाईक असेल तर भावकीची ना हरकत घ्यावी. बनावट संकेतस्थळे काढून पैसे उकळणारेही निघाले आहेत. महावितरणच्या कचेरीत विचारल्यावाचून कोणाच्याही खात्यावर रुपया टाकू नका. ज्यांची मोटार आधीच लाईटीवर आहे त्यांनी हळहळू नये. शेतीच्या वाहिन्यांनाच सौर प्रकल्पातून दिवसा वीज देण्याचे काम मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत घेतले आहे.

पंप घेताना खोलीचा विचार करा. वीस मीटरवरून तो जेवढे पाणी काढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास चाळीस मीटरवरून काढील. शेजाऱ्याचा पाहून आपला ठरवू नये. पाट्या दक्षिणेकडे तोंड करून बसवाव्यात. बांधावरच्या लिंबाची सावली एका कोपऱ्यावर जरी पडली तरी पाणी घटते. नदीकाठी असाल तर पुराची खूण कुठवर येते ते जुन्या माणसांना विचारून त्याच्या वर खांब रोवा. धूळ पहाटे किंवा सांजच्याला पुसावी. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. 2014 ची गारपीट आपण पाहिली आहे. योजनेच्या पंपाला पाच वर्षांची दुरुस्ती आणि विमा असतो, त्याचे कागद जपून ठेवावेत आणि नुकसान झाले तर लगेच कळवावे.

एक धास्ती मात्र मला आहे. डिझेल विकत आणावे लागते तोवर माणूस पाणी बेताने देतो. ऊन फुकट, मग सकाळपासून पंप चालूच राहतो. उसात पाणी तुंबते, आणि बोअर मार्चातच आटते. शेजारच्याचेही आटते, कारण खालचे पाणी दोघांचे एकच असते. म्हणून सौर पंपाबरोबर ठिबक घ्यावे आणि विहिरीत पाण्याची खूण करून दर पंधरवड्याला मोजावे. खूण झपाट्याने उतरू लागली तर पाळी लांबवा आणि पुढल्या हंगामात उसाचे एक-दोन एकर कमी करून तिथे हरभरा किंवा करडई घ्या. जुने इंजन लगेच भंगारात घालण्याची घाई नको. एक हंगाम राहू द्या, आणि त्याला किती दिवस हात लावावा लागला ते कॅलेंडरवर लिहून ठेवा.