टायर गोटा होण्याआधी

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही मोटारसायकलच्या टायरबद्दल बोलणार आहोत. "ते गडीमाणसांचं काम, आम्हाला काय त्याचं?" असं आम्हीही म्हणायचो. पण त्या गाडीवर मागे बसतं कोण? लेकराला मांडीवर घेऊन दवाखान्यात जातं कोण? बँकेत, बाजारात, माहेरी जाताना आपलाच जीव त्या दोन टायरांवर असतो.

आमच्या गटाची गोष्ट सांगतो. आमचा गट मोहोळ तालुक्यातला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून आम्ही सोलापुरात पोचवतो. त्यासाठी गटातून कर्ज काढून एक जुनी मोटारसायकल घेतली. दोघींनी गाडी शिकून लायसन्स काढलं. मार्चच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, "मागचं टायर गोटा झालंय, बदलायला पाहिजे." खर्च होता दोन हजारांच्या आत. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं, पुढच्या महिन्यात बघू. इतिवृत्तात तसं लिहिलं, खाली सह्या केल्या.

पुढचा महिना गेला. मे महिन्यात, भर उन्हात, भाकरीचे खोके लादून दोघी निघाल्या आणि हमरस्त्यावर मागचं टायर फुटलं. गाडी हळू होती, मागून ट्रक नव्हता, म्हणून वाचल्या. पण मागे बसलेल्या ताईचं मनगट मोडलं. दीड महिना तिला भाकरी थापता आली नाही. दवाखाना, औषधं, बुडालेली मजुरी धरली तर चार-पाच टायरं आली असती. सह्या आमच्या सगळ्यांच्या होत्या, हात मात्र एकटीचा मोडला. ते अजून आम्हाला टोचतं. म्हणून हे सगळं शिकलो, आणि आज तुम्हाला सांगतोय.

आधी चाक ओळखा. बैलगाडीच्या चाकाला जसे आरे असतात, तशा बारीक तारा ज्या चाकाला असतात ते स्पोकचं चाक. आपल्या भागातल्या साध्या मोटारसायकलींना आणि मोपेडला बहुतेक तेच असतं. खड्ड्यात आदळलं तर वाकतं, पण सरळ करता येतं. एखादी तार तुटली तर तेवढीच बदलता येते. मात्र प्रत्येक तार रिमला भोक पाडून बसवलेली असते, त्या भोकांतून हवा निसटते. म्हणून अशा चाकाला आत ट्यूब लागतेच. दुकानदार म्हणाला, "ट्यूबलेस टाका, ट्यूबची कटकट नको," तर साध्या स्पोकच्या चाकासाठी ते ऐकू नका.

टायर बदलायची वेळ झाली हे कसं कळतं? टायरच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा इंग्रजी टी, डब्ल्यू, आय ही तीन अक्षरं असतात. त्याच्या समोरच्या खाचेत रबराचा एक बारीक उंचवटा दिसतो. टायर झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आलं की संपलं. कायद्याने दुचाकीच्या टायरची खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. तेवढी म्हणजे फारच कमी, त्याच्या आधीच बदललेलं बरं. कडेला भेगा पडल्या असतील, फुगा आला असेल, आतला धागा दिसत असेल, तर खाच कितीही असो, टायर काढा.

आता नवीन घेताना. जुन्या टायरवर लिहिलेला आकडा कागदावर उतरवून न्या. समजा २.७५-१८ लिहिलंय. म्हणजे टायरची रुंदी पावणेतीन इंच आणि रिम अठरा इंचाची. ८०/१००-१८ असेल तर रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के आणि रिम तीच अठराची. कंपनीने दिलेलंच माप घ्या. जाड टायर दिसायला दणकट, पण ते चेनला नाहीतर मडगार्डला घासू शकतं.

मापाशेजारी अजून एक आकडा असतो, तो वजनाचा. ४१ म्हणजे त्या टायरला १४५ किलो झेपतं, ४७ म्हणजे १७५ किलो. दुधाच्या किटल्या, पेंडीचं पोतं, वर दोन माणसं, असा भार वाहणाऱ्या बायांनी हा आकडा जरूर बघावा. जुन्यापेक्षा कमी आकड्याचं टायर घेऊ नका.

मग तारीख बघा. कडेला लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात टायर तयार झालं. दुकानात वर्षानुवर्षं पडलेलं रबर कडक होतं. स्वस्तात देतो म्हणाला की आधी हे चार आकडे वाचा.

आता बसवताना. इथे आम्ही दुसऱ्यांदा फसलो. नवीन टायर घेतलं, पण बसवणाऱ्याने जुनीच ट्यूब आत घातली. आम्हीही गप्प बसलो. जुनी ट्यूब ताणून मोठी झालेली असते. नव्या टायरात तिला घडी पडते आणि तिथेच ती फाटते. आमची आठ दिवसांत फाटली. तेव्हा टायर नवीन तर ट्यूब नवीन.

ट्यूबखाली रिमवर रबराची पट्टी असते. ती तारांच्या टोकांपासून ट्यूबला वाचवते. पट्टी कुजली असेल तर बदलायला सांगा. पंक्चर म्हणून ट्यूब काढली असेल, तर टायरच्या आतून फडकं फिरवायला लावा. आपल्याकडे वेड्या बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते.

टायरवर बाण असेल तर चाक पुढे फिरतं त्या दिशेला तो हवा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरूनच ती आत घालावी, म्हणजे टॉमीत चिमटत नाही. टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवायला सुरुवात करून व्हॉल्व्हपाशी संपवावं, कडेला साबणाचं पाणी लावावं. हवा भरल्यावर व्हॉल्व्ह सरळ उभा आहे ना, आणि टायरच्या कडेची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना, बघा. चाक उचलून फिरवा. डुलत असेल तर आउट काढायला सांगा. तारांवर पाना हळूच वाजवा. सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यावा, बद्द वाजली ती तार ढिली.

चाक परत बसवलं की एक्सलचा नट, ब्रेक आणि चेनचा ताण तपासून घ्या. आणि शेवटची गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, साडीगार्ड. आमच्या गाडीचं चाक काढताना साडीगार्ड सोडलं होतं, ते परत लावायचं राहिलं. दोन दिवसांनी एकीचा पदर तारांत ओढला गेला. ती वेळेवर ओरडली म्हणून निभावलं. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला हवा, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९८९ पासून लिहिलेलं आहे. ते जागेवर दिसल्याशिवाय गाडीवर बसू नका.

नवीन टायर सुरुवातीला निसरडं असतं. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, वळणावर गाडी फार झुकवू नका. हवा आठवड्याला, गाडी थंड असताना बघा. एकट्याने जायला वेगळी आणि डबलसीट जायला वेगळी हवा लागते. तो आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, बऱ्याच गाड्यांवर तसा स्टिकरही असतो. हवा कमी असली की टायर दबून दबून तापतं. त्यात आपल्या सोलापूरचा चाळीसच्या वरचा उन्हाळा आणि खालून तापलेला डांबरी रस्ता.

मैत्रिणींनो, आपण पंचसूत्री पाळतो. आमच्या गटाने त्यात स्वतःपुरतं सहावं सूत्र घातलंय. महिन्याच्या बैठकीला आलेल्या प्रत्येक गाडीच्या टायरवरून आम्ही हात फिरवतो, आणि बदलायचं निघालं तर त्याच दिवशी पैसे बाजूला काढतो. "पुढच्या महिन्यात बघू" हे शब्द आमच्या इतिवृत्तात आता लिहीत नाही. ज्या ताईचा हात मोडला होता, तीच आता टायर तपासते. भाकरीही पुन्हा थापते, फक्त थंडीत मनगट ठणकतं म्हणते.

आज संध्याकाळी तुमच्या दारात गाडी लागली, की कंदील नाहीतर मोबाईलची बॅटरी घेऊन जा. त्रिकोण शोधा, चार आकडे वाचा, साडीगार्ड हलवून बघा. घरातलं कोणी हसलं तर हसू द्या. आमच्या घरीही हसले होते.