इंजिन मागे, पण गिअरबॉक्स कुठला?

आमच्या मिड-इंजिन गाडीबद्दल तुमचे मेसेज येतात ते बहुतेक इंजिनावर. खरी वादावादी झाली ती गिअरबॉक्सवरून, आणि तीही आम्हा दोघा भागीदारांत. पैसे दोघांचे निम्मे निम्मे, त्यामुळे एकाने रुसून चालणार नव्हतं.

एक आधीच सांगतो. गाडी फक्त ट्रॅकसाठी आहे. मूळ गाडीत इतका बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही, म्हणून रस्त्यावर आणायचा विषयच नाही.

इंजिन आहे जुन्या होंडा सिटी व्हीटेकचं, १.५ लिटर. मित्राला ते लांबीत बसवायचं होतं. म्हणजे आधी इंजिन, मग डिफरन्शियल, आणि सगळ्यात मागे गिअरबॉक्स. फोर्ड जीटी४० तशीच होती. वजन मधल्या रेषेवर येतं, आणि दिसतंही झकास, नाही म्हणत नाही.

यासाठी लोक जुन्या ऑडीचा गिअरबॉक्स घेतात, कारण पुढच्या चाकांच्या त्या गाड्यांत क्रम हाच असतो. जसाच्या तसा उचलून मागे न्यायचा. बीटल किंवा पोर्शे ९११ मध्ये क्रम उलटा, गिअरबॉक्स पुढे आणि इंजिन मागे. तो फिरवून बसवला की चाकंही उलटी फिरतात! पुढे जायला एकच गिअर आणि रिव्हर्सला चार-पाच. मग आत क्राउन व्हील पिनियनच्या दुसऱ्या बाजूला घ्यावं लागतं.

आता गंमत बघा. होंडाची ही जुनी इंजिनं इतरांपेक्षा उलट्या दिशेने फिरतात. म्हणजे सोपा वाटणारा ऑडीचा गिअरबॉक्सच आम्हाला उलटा पडणार, आणि फिरवलेला बीटलचा मात्र सुलटा चालणार. उलट्याचं उलट ते सुलट. हे कागदावर मांडल्यावर मित्र पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला, "अरे, मग बीटलचाच घेऊ की." पण त्यात चारच गिअर, वर ॲडाप्टर प्लेट, फ्लायव्हील, क्लच सगळं बनवून घ्यायचं. प्लेट जराशी जरी केंद्रातून सरकली तरी इनपुट शाफ्टचं बेअरिंग जातं. हे काम नेमकं करणारा माणूस आमच्या ओळखीत नाही.

मी अडून बसलो ते सिटीच्याच गिअरबॉक्ससाठी. इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट असा अख्खा संच आडवाच मागे न्यायचा. फियाट एक्स१/९ आणि टोयोटा एमआर२ यांची मांडणी हीच. डिफरन्शियल इंजिनाच्या मागे असल्याने इंजिन आपोआप मागच्या ॲक्सलच्या पुढे येतं. मोडलं तर सुटे भाग भंगार बाजारात मिळतात.

मित्राचा शेवटचा मुद्दा गिअर रेशोचा होता. पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या. टायर १९५/५० आर१५, एका फेऱ्यात साधारण १.८ मीटर. एकूण रेशो ४ धरला तर ६००० आरपीएमला १६० च्या थोडं वर. आमच्या छोट्या ट्रॅकवर तेवढा वेग येणारच नाही, उलट फायनल ड्राइव्ह आखूड केला तर बरं.

शेवटी तो "ठीक आहे" म्हणाला, पण अट घालून: पुढची गाडी लांबीतलीच. मान्य! सध्या काम आहे गिअर शिफ्टिंगचं. लिव्हर पुढे, गिअरबॉक्स मागे, मध्ये इंजिन. रॉडला वाट काढण्यापेक्षा दोन लांब केबल बऱ्या, पण होंडाचा लिंकेज मुळात रॉडचा. तो केबलवर आणायचा ब्रॅकेट या रविवारी आधी पुठ्ठ्यात कापून बघतोय.