मोबाइल इंटरनेटचा करार मुदतीआधी सोडताना

भारतात मोबाइल इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रीपेड ग्राहक आहेत. त्यांचा व्यवहार रिचार्जच्या मुदतीपुरता. कंपनी बदलली तर उरलेला डेटा आणि उरलेले दिवस बुडतात, त्यापलीकडे काही नाही. मुदतीआधी सोडल्याची आकारणी हा प्रश्न पोस्टपेडमध्ये येतो, आणि तिथेही ज्या योजनेला किमान मुदतीची अट, म्हणजे लॉक-इन असते तिथेच. वोडाफोन आयडियाच्या २०१९ मधल्या रेडएक्स योजनेत सहा महिन्यांच्या आत बाहेर पडणाऱ्याकडून तीन हजार रुपये घेण्याची अट होती. अशा अटीमागे कंपनीचा हिशेब सरळ असतो: सुरुवातीला दिलेल्या सवलती पुढच्या बिलांतून भरून निघायला हव्यात.

मात्र करारात रक्कम छापली, म्हणून ती आपोआप देणे ठरत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या कलम ७४ नुसार करार मोडणाऱ्याकडून वाजवी भरपाई मागता येते. करारात लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची कमाल मर्यादा असते. शिवाय हे सगळे ग्राहकाने करार मोडला तर. जिथे सेवाच मिळत नाही, तिथे आधी करार कोणी मोडला, हा प्रश्न उभा राहतो आणि ग्राहकाची सगळी बाजू त्यावरच उभी असते.

ती बाजू भक्कम करणे मात्र वाटते तितके सोपे नाही. कंपन्यांच्या अटींमध्ये वेग ‘इतक्यापर्यंत’ असा लिहिलेला असतो, आणि घराच्या आत सिग्नल मिळेलच याची हमी सहसा नसते. त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार लंगडी पडते. नेट रोज ठरावीक वेळी बंद पडते, कॉलही लागत नाही, दुसऱ्या हँडसेटमध्ये सिम घातले तरी तेच, असे तारीख-वेळ-ठिकाणासह टिपलेले असेल तर तिला वजन येते. वेग मोजण्यासाठी ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे मायस्पीड नावाचे ॲप आहे. नेटवर्क कुठे पोहोचते, याचे नकाशेही कंपन्यांनी संकेतस्थळावर द्यायचे आहेत. नकाशात गाव रंगवलेले आणि घरात रेंज नाही, हा पुरावा कंपनीने स्वतःच हाती दिलेला असतो.

यानंतर कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो. तोंडी बोलणे कितीही गोड झाले तरी क्रमांकाशिवाय तक्रार झालीच नाही, असे धरावे. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. अपिलाला शुल्क नाही आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. अपील ऐकणाराही कंपनीचाच, यावर नाराजी रास्त आहे. पण इथे लेखी नकार मिळाला तरी तो पुढे कामाला येतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही.

या काळात रागाने बिल थांबवणे हा सर्वांत महागात पडणारा उपाय. मुदत उलटलेले बिल थकलेले असेल तर क्रमांक पोर्ट होत नाही, म्हणजे तोच क्रमांक ठेवून दुसऱ्या कंपनीकडे जाता येत नाही. कराराला बाहेर पडण्याची अट असून ती पाळलेली नसेल, तर तेही पोर्टिंग नाकारण्याचे मान्य कारण आहे. पोर्ट झाल्यावर शेवटचे बिल बुडवले, तर जुनी कंपनी नव्या कंपनीकरवी क्रमांक बंद करवू शकते. म्हणून आकारणी लेखी माफ करून घ्यावी. ते जमले नाही तर हरकत नोंदवून रक्कम भरावी, क्रमांक सोडवावा आणि परतावा नंतर मागावा.

पोर्टिंगची पद्धत आता सुटसुटीत आहे. १९०० या क्रमांकावर संदेश पाठवला की, अडथळा नसेल तर, आठ अक्षरांचा कोड येतो. जुन्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले असावे लागतात. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे दूरसंचार सेवेच्या एकाच विभागात, कामकाजाचे तीन दिवस लागतात, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबई हे वेगळे सर्कल, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे. त्यामुळे मुंबईचा क्रमांक रत्नागिरीत नेणाऱ्याला पाच दिवस धरावे लागतात.

कंपनीने ऐकलेच नाही तर ग्राहक आयोग उरतो. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी आयोगांबाहेर लवादाकडे ढकलल्या जात. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वोडाफोन आयडियाच्याच प्रकरणात तो अडसर दूर केला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, झालेल्या नुकसानीशी अगदीच विसंगत दंड लावणारा करार अन्यायकारक ठरतो, पण तो मुद्दा राज्य आयोगापुढे मांडावा लागतो. सेवेतील त्रुटी आणि भरलेल्या रकमेचा परतावा एवढीच मागणी असेल तर जिल्हा आयोग पुरतो. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तिथे शुल्क नाही आणि तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो, सावंतवाडीच्या ग्राहकाला तक्रार सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या आयोगातच दाखल करता येते.